दादांच्या अखेरची सतरा कलमे

शके १७०८, पराभवनाम संवत्सर
चैत्र शुद्ध १. प्रहर दिवस.

गुढी उभारली. आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. दाखवण्याजोगा वाचक पुण्यात नाही.

संवत्सराचे नाव पराभव. जोश्याने पंचांग वाचताना ते नाव दोनदा घेतले आणि दोन्ही वेळा माझ्याकडे पाहिले. ज्याचा असेल त्याचा असो.

नोंद: दफ्तरातली चाकरी मी पौषात सोडली. सोडली. पेठेतले लोक 'सुटली' म्हणतात. त्यांना मराठी येत नाही.

आता हात मोकळे. तेव्हा लोकोपयोगी काम. गेल्या महिन्यात शेजारचे कुशाबा गेले. शेवटची तीन वर्षे त्यांना पोटची मुले ओळखू येत नव्हती. अखेरीस थोरला म्हणाला आळंदीला न्या, धाकटा म्हणाला खाली घ्या, वैद्य म्हणाला मात्रा द्या. या ओढाताणीत कुशाबा गेले ते अर्धे खाटेवर आणि अर्धे जमिनीवर. तीन वर्षे होती हाताशी! डोके थोडे शाबूत होते तेव्हा कोणी विचारले का, की बाबा, तुम्हाला कसे हवे? नाही. श्राद्धाच्या लाडवांवर मात्र एकमत झाले.

संकल्प: ज्या घरी असे विसरलेले माणूस आहे, तिथे जाऊन त्याची आणि घरच्यांची अखेरची बोलणी करवून द्यायची. घरच्यांना हा विषय काढायची लाज वाटते. मला नाही.

चैत्र शुद्ध ३. दुपार.

मसुदा तयार. सतरा कलमे. मरण कोठे यावे, औषध कोठवर द्यावे, कानात देवाचे नाव कोणी सांगावे, सगळे आले. अक्षर असे की दफ्तरात आता असे अक्षर काढणारा उरला नाही.

कुटुंबाला वाचून दाखवले. म्हणाली, इतके विचारून होईपर्यंत माणूस टिकायला हवा. बायकांना मसुद्यातले कळत नाही.

घरातच एक प्रकरण आहे, आमचे थोरले बंधू. दादा. वय एकाहत्तर. कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आणले, त्या कामावर पस्तीस वर्षे देखरेख. आता दोन वर्षांपासून विस्मरण. वैद्य स्मृतिभ्रंश म्हणतात. मला कधी 'मामा' म्हणतात, कधी 'कोण आपण?' दिवसातून पन्नास वेळा एकच प्रश्न: पाणी आलं का? वहिनी पन्नास वेळा सांगतात, आलं हो, हौद भरला. मी एकदाच सांगतो, तुम्ही आता कामावर नाही. तरी समजत नाहीत.

पण घरचे काम सोपे. हातातलेच आहे. आधी बाहेर नाव करावे.

चैत्र शुद्ध ९. रामजन्मानंतर.

पहिले प्रकरण. सोमवार पेठेतले जयसिंगराव, जुने शिलेदार. उदगीरच्या लढाईतले. आता लढाई चालूच आहे असे समजतात. घरात मुलगा मोहिमेवर, सगळे सून पाहते.

आसन मांडले. घसा साफ करून पहिले कलम वाचले: मरण कोठे यावे? म्हातारा ताडकन उठला. सून दाराआडून हळूच म्हणाली, आबांना वाटतंय तुम्ही निजामाचे वकील आहात, जरा सांभाळून घ्या. सांभाळून घेतले. दोन प्रहर बोलणी चालली. उन्हात उभे राहून. शेवटी मी दौलताबादचा किल्ला सोडला, तेव्हा बसायला मिळाले.

एकंदर उत्तम सुरुवात. माणूस बोलता झाला.

निघताना सुनेने एक भलतेच विचारले. म्हणाली, आबा हल्ली घास तोंडात धरतात, गिळत नाहीत. मी जबरदस्ती करावी का? केली तर ठसका लागतो, नाही केली तर लोक म्हणतात उपाशी मारते. मी म्हटले, बाई, हे माझ्या कलमांत नाही. ती म्हणाली, मग काय आहे तुमच्या कलमांत? उद्धट. शिलेदारांच्या घरात वळण नसतेच.

चैत्र वद्य २.

अजून कोणाचे बोलावणे नाही. पेठेत बातमी मात्र पोचली. सकाळी दोघांनी 'वकीलसाहेब' म्हणून मुजरा केला. किल्ला कसा आहे, असेही विचारले.

अडाणी गाव. घरचेच प्रकरण हाती घेतो. एक कागद पुरा झाला की रांग लागेल.

चैत्र वद्य ४. दिवस मावळताना.

वहिनींना सांगितले, आज दादांना विचारणार. त्या म्हणाल्या, भावजी, संध्याकाळी नको, या वेळी ते गोंधळलेले असतात. सकाळी आंघोळीनंतर बघा, दोन घटका बरे असतात. आणि एका वेळी एकच विचारा. मग थांबा. उत्तर यायला वेळ लागतो.

बावीस वर्षे मी दफ्तरात जबान्या लिहून घेतल्या. मला विचारायला शिकवतात!

संध्याकाळीच बसलो. पाच कलमे सलग वाचली. दादा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. सहाव्या कलमाला त्यांचे डोळे भरले. म्हणाले, मला घरी जायचंय. मी म्हटले, हे घरच आहे. ते म्हणाले, नाही, तुम्ही मला कुठेतरी न्यायला आलात. मग दौत फेकली. माझे उपरणे गेले, आणि कलम आठ ते चौदा.

वहिनी आल्या. दादांचा शाईचा हात धरून बसल्या आणि म्हणाल्या, पाणी आलं हो, हौद भरला. दोन पळांत शांत. म्हणजे वहिनींनी लावलेल्या सवयींमुळे माणूस विचारपूर्वक उत्तर देत नाही. हे नोंदवून ठेवतो.

चैत्र वद्य १०.

मसुदा पुन्हा उतरवला. पण आता वेगळा विचार. ज्याला कळतच नाही त्याला विचारायचे कशाला? धाकट्या भावाने ठरवावे. ठरवले. काशी.

वैशाखात यात्रेकरूंचा मेळा निघतो आहे. दादांना डोलीतून न्यायचे. तिथे गंगेकाठी राहायचे, पुढचे देव बघेल. काशीत मरण म्हणजे थेट मोक्ष, कागदपत्र नको. शिवाय पेठेतून आजवर कोणी थोरल्या भावाला डोलीतून काशीला नेले नाही. देवळात सहज बोललो. लोक उठून नमस्कार करू लागले. 'वकील' म्हणणारे तेच. आता कशी वाचा बसली!

वैशाख शुद्ध ३. अक्षय तृतीया.

वहिनींना काशीचे सांगितले. मुहूर्त पाहूनच. वाटले, पाया पडतील.

म्हणाल्या, हे काशीला जाणार नाहीत.

मी म्हटले, कोण म्हणतो? म्हणाल्या, हेच म्हणाले. माघात मी विचारलं होतं, सकाळी, तेल लावताना. पुन्हा फाल्गुनात विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाले. इथेच, या खोलीत. कडू मात्रा नको. जबरदस्तीने भरवायचं नाही. आणि तोंडात पाणी घालायचं ते हौदाचं.

ऐका! जन्मभर ब्राह्मण, आणि अखेरीस गंगाजल नको, नळाचे पाणी!

मी कायद्याने विचारले, साक्षीदार कोण? म्हणाल्या, फाल्गुनात मन्सूर होता ओटीवर.

हा मन्सूर म्हणजे नळाच्या कामावरचा जुना गवंडी. दादांबरोबर तीस वर्षे खापराचे नळ बसवले. दर शुक्रवारी नमाजानंतर येऊन ओटीवर बसतो आणि तेच तेच बोलतो: उतार कुठे कमी पडला, नळाची हवा सुटायला बांधलेला उच्छ्वास कोणता ढासळला. सगळे जुने. दादा त्याला नावाने हाक मारतात. मला 'मामा'.

मी निकाल दिला: भ्रमिष्टाची जबानी, बायकोने घेतलेली, दस्तऐवज नाही. ग्राह्य नाही. वहिनी म्हणाल्या, बरं. पुण्यात 'बरं' म्हणजे काय, ते मला शिकवायला नको. पण या वेळी मी लक्ष दिले नाही.

वैशाख शुद्ध ८.

तोड काढली. वहिनींना साक्षच हवी ना? चार मोठी माणसे बोलावतो. त्यांच्यासमोर दादांनी स्वतः 'काशी' म्हणायचे. एकच शब्द. आजपासून तयारी. सकाळ-संध्याकाळ समोर बसून म्हणतो, दादा, म्हणा काशी.

आज तीनदा म्हणाले. एकदा 'खाशी' म्हणाले, पण ऐकणाऱ्याची समज चांगली असेल तर चालेल.

वैशाख शुद्ध १३. दोन प्रहर.

सभा झाली. वैद्य, शास्त्रीबोवा, कुशाबांचा थोरला, देवळातले दोघे. आज शुक्रवार निघाला, त्यामुळे मन्सूरही ओटीच्या पायरीवर. मी प्रास्ताविक केले. आटोपशीर. शास्त्रीबोवांचा डोळा लागला तो उकाड्याने.

दादांना वहिनींनी पागोटे घालून आणले. रुबाबदार दिसत होते. मी स्पष्ट विचारले, दादा, सर्वांसमोर सांगा, आपली अखेरची इच्छा काय? कुठे जायचे? आणि ओठांनी दाखवलेही.

दादांनी सगळ्यांकडे पाहिले. मग वैद्यांना म्हणाले, हे गृहस्थ फार वेळ बोलतायत, यांना कोणी पाणी दिलं का?

वैद्य हसले. वैद्याने हसू नये. देवळातला एकजण तोंडावर उपरणे घेऊन खोकला.

मी पुन्हा विचारले. मोठ्याने. दादा घाबरले. उठले, सभा ओलांडून पायरीकडे गेले आणि मन्सूरला म्हणाले, चल, इथे उतार नाही, पाणी इथे थांबणार. मन्सूर म्हणाला, चला दादासाहेब. दोघे हौदापर्यंत जाऊन आले. परत येईपर्यंत दादांचा चेहरा उजळला होता.

शास्त्रीबोवा जागे होऊन म्हणाले, निर्णय काय झाला? कुशाबांचा थोरला म्हणाला, निर्णय त्यांनी चालून दाखवला. जो स्वतःच्या बापाला सरळ झोपवू शकला नाही, तो टोला मारतो!

निष्कर्ष: सभा यशस्वी. मतभेद तपशिलाचे.

वैशाख वद्य १.

मेळा गेला. डोलीच्या भोयांना नाही म्हणून सांगितले. कारण उन्हाळा. देवळात जाणे बंद केले आहे. कारण उन्हाळा.

ज्येष्ठ शुद्ध ४. सकाळ.

दादांनी अन्न सोडले. तीन दिवस दोन-दोन घोट पेज. अंग तापलेले. बोलणे नाही, 'पाणी आलं का' तेवढे ओठांत.

वैद्यांची मात्रा आणली. वहिनींनी हातात घेतली, वास घेतला, आणि कोनाड्यात ठेवून दिली. मी म्हटले, हे काय? म्हणाल्या, कडू आहे. मी म्हटले, औषध कडूच असते! म्हणाल्या, म्हणूनच नको म्हणाले होते.

मी चमचा घेऊन स्वतः बसलो. दादांनी ओठ मिटले. जयसिंगरावांच्या सुनेचा प्रश्न आठवला. चमचा थोडा पुढे केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ताप असला की येते.

मात्रा कोनाड्यात ठेवली. उद्या देईन.

ज्येष्ठ शुद्ध ६.

दिली नाही. हात रिकामा नव्हता.

ज्येष्ठ शुद्ध ८.

वैद्य म्हणाले, आता दोन-तीन दिवस. सांगून गेले, आणि जाताना वहिनींना म्हणाले, तुम्ही करताय ते बरोबर. मला काही म्हणाले नाहीत. मी काय करतो आहे ते त्यांच्या डोक्यावरून गेले असणार.

माझी शेवटची, सर्वांत मोठी योजना: आतुरसंन्यास. मरणाआधी संन्यास दिला की काशीचा हिशेब इथेच फिटतो. शास्त्रीबोवा यायला तयार. आणि गंमत म्हणजे या वेळी वहिनी लगेच हो म्हणाल्या. इतकेच म्हणाल्या, संन्याशाची भगवी छाटी हवी ती नवी हवी, आणि गेरूने चांगली रंगवलेली. पर्वतीच्या पायथ्याशी एक रंगारी आहे, त्याच्याचकडून आणा. उद्या सकाळीच निघा. आणि तुम्ही स्वतः जा भावजी, दुसऱ्याला पारख नाही.

अखेर पटले त्यांना. दोन महिने लागले.

ज्येष्ठ शुद्ध ९. दिवस कलताना.

सकाळी निघालो. पर्वतीच्या पायथ्याशी रंगारी नाही. पूर्वी होता, पाच वर्षांपूर्वी सासवडला गेला. हे वहिनींना ठाऊक नव्हते. बायकांना बाहेरचे काय ठाऊक! परत फिरून रविवार पेठेत गेलो. तिथे एक छाटी मिळाली, पण ओली. वाळेपर्यंत बसलो. ऊन मरणाचे.

घरी आलो तर ओटीवर मन्सूर, मान खाली. वहिनी आतल्या दारात. मी म्हटले, छाटी आणली, शास्त्रीबोवांना बोलवा. वहिनींनी आधी गुळाचा खडा आणि पाण्याचे भांडे पुढे केले. म्हणाल्या, आधी हे घ्या. मी घेतले. मग म्हणाल्या, हे गेले. दोन प्रहरी.

हा काय क्रम झाला? आधी बातमी, मग गूळ!

आत गेलो. दादा खाली घेतलेले, चटईवर, नीट. चेहरा स्वस्थ. तोंडाच्या कोपऱ्यात तुळशीचे पान. मी काशीहून मागवलेल्या गंगेच्या लोटीवरची लाख तशीच होती.

मन्सूरने सांगितले, त्याने ओटीवरून मोठ्याने कात्रजपासूनचा सगळा नळ सांगितला, एकेक उच्छ्वास नावाने. शहराच्या हौदापर्यंत आला तेव्हा आतून वहिनी म्हणाल्या, मन्सूर, पुरे.

कोणी रडले नाही. मी थोडा खोकलो. धूळ फार होती रस्त्यात.

छाटी घडी करून ठेवली.

ज्येष्ठ वद्य ६. सकाळ.

कार्य आटोपले. दादांना मूल नाही, अग्नी मी दिला, दहा दिवस मी केले. चांगले केले. शास्त्रीबोवाही म्हणाले. लिहिणे बंद होते, सुतकामुळे.

आज शुक्रवार. सवयीने मन्सूर आला. पायरीवर बसला. मी म्हटले, मन्सूर, वाईट एकाच गोष्टीचे वाटते. अखेरच्या क्षणी मी नव्हतो. त्या छाटीने घात केला. मी असतो तर त्यांच्या कानात नाव घेतले असते, चार शब्द बोललो असतो.

मन्सूर भोळा माणूस. म्हणाला, तेच तर दादासाहेबांना नको होतं. फाल्गुनात माझ्यासमोर म्हणाले, त्या वेळी गोप्याला कुठेतरी लांब पाठवा. तो बोलेल.

गोप्या. म्हणजे मी. दोन वर्षे मला 'मामा' म्हणत होते.

आत गेलो. वहिनी आता मागच्या खोलीत कोपऱ्यात बसतात, कोणासमोर येत नाहीत. दाराबाहेरूनच विचारले, खरे का?

आतून बराच वेळ आवाज नाही. मी पुन्हा विचारणार होतो. विचारले नाही. थांबलो. मग म्हणाल्या, हो. दोन्ही वेळा तेच म्हणाले. रंगारी नाही तिथे, मला माहीत होतं भावजी. क्षमा करा.

मी तसाच उभा. मग म्हणाल्या, दुसऱ्या वेळी आणखी एक म्हणाले होते. गोप्या उन्हातून येईल, त्याला आधी गूळपाणी द्या. मग सांगा.

तिथे किती वेळ उभा होतो ते लिहिलेले नाही.

ज्येष्ठ वद्य ७.

मसुदा बंबात घातला. अक्षर फार सुंदर होते. पाणी जेमतेम कोमट झाले.

दुपारी कुटुंब माजघरात वाती वळत होती. सत्तावीस वर्षांत तिला असे कधी विचारले नव्हते. विचारले, तुझी वेळ आली की तुला कसे हवे?

वात वळता वळता म्हणाली, आधी तुम्ही गप्प बसा. मग सांगते.

बसलो. तिच्या सगळ्या वाती वळून झाल्या, तरी ती काही बोलली नाही. न राहवून विचारले, अग, सांगतेस ना?

म्हणाली, अजून खात्री नाही.